वास नसलेला रविवार

“ग्रॅनी, काळं झालं ते. धूर बघ किती!”

जोनेल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका डोळ्यावर तळहात धरून, कारण कालपासून त्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती आणि म्हणूनच ती आज आईबरोबर चर्चला गेली नव्हती. डेलरोजने खाली पाहिलं. जाड बुडाच्या पातेल्यात, डचीत, तेल आणि साखर मिळून डांबरासारखी झाली होती, फुगे फुटत होते, आणि करडा धूर तिच्या हनुवटीखालून वर जाऊन खिडकीच्या काचपट्ट्यांमधून बाहेर पडत होता. ती त्या भांड्यापासून वीतभर अंतरावर उभी होती. हातात लाकडी चमचा होता आणि हात ढवळतही होता. डोळे चुरचुरत होते ते पातीच्या कांद्यामुळे, असं ती धरून चालली होती. “मुद्दामच केलंय,” ती म्हणाली. “भांडं नीट तापलं की नाही ते बघायला.” जोनेल सात वर्षांची होती. तिने उघड्या डोळ्याने आजीकडे पाहिलं, मग भांड्याकडे, आणि अंगणात निघून गेली.

डेलरोजने गॅस बंद केला आणि ती तशीच उभी राहिली. साखरेकडे तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नसे. डचीत तेल टाकायचं, वर मूठभर तांबूस साखर टाकायची आणि मग दुसरीकडे बघत कांदा चिरायचा, रेडिओवरचं प्रवचन ऐकायचं, कुणाशी तरी वाद घालायचा. बाकीचं नाक बघत असे. आधी उकळत्या रमसारखा गोड वास येई, मग पिकून पडलेल्या पेरूसारखा, आणि मग अचानक नाकपुडीत एक सुई टोचल्यासारखी होई, की त्याच क्षणी कोंबडी आत टाकायची. एक क्षण आधी टाकली तर रस्सा पिवळा, एक क्षण उशिरा टाकली तर कडू. ती सुई आज टोचली नव्हती. पेरू आला नव्हता, रमही आली नव्हती. ती धुरावर वाकली आणि तिने छाती भरून श्वास घेतला. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, घशाला गरम लागलं. वास मात्र आला नाही. हवेत नुसती हवा होती.

सर्दी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि नाक शिंकरून पाहिलं. नाक कोरडं होतं. मग तिने थाइमची काडी दोन तळव्यांमध्ये चुरडली आणि तळवे तोंडावर धरले. प्रार्थनेला बसल्यासारखी ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. काही नाही. पिमेंटोचे मिरीसारखे दाणे दातांखाली फोडले. जीभ बधिर झाली, नाकापर्यंत काही पोचलं नाही. बॉनेट मिरची मधोमध उभी चिरून हुंगली. नाकपुड्यांना आग लागली, पण ती आग होती, मिरचीचा तो जर्दाळूसारखा वास नव्हता. व्हिनेगर. कॉफीचा डबा. सिंकखालची फिनेलची बाटली. ती उघडताना तिचा हात थांबला, आणि मग तिने ती उघडलीच, अगदी नाकाला लावली. पांढऱ्या बाटलीतून थंडगार काहीतरी वर आलं, एवढंच. बाटली परत ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण चोरासारख्या दाराकडे बघतो आहोत.

आणि मग मागचे महिने एकेक करून उलटे फिरू लागले. फेब्रुवारीत बाजारातल्या भाजीवालीशी तिने भांडण काढलं होतं, “थाइम म्हणून गवत विकतेस का गं?” म्हणून. भाजीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “मिस डेलरोज, थाइम तेच आहे, माझ्या आईच्याच वाफ्यातलं. तुमचं वय झालं.” सगळ्या बाया हसल्या होत्या. डेलरोजही हसली होती, पण त्यानंतर तिने थाइम दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली आणि तिथलंही गवतच निघालं. मार्चमध्ये साबण बदलला, याला वासच नाही म्हणून. ईस्टरला केलेल्या पावात मसाला दुप्पट पडला आणि जोनेल म्हणाली होती, ग्रॅनी, हा पाव जिभेला चावतो. प्रत्येक वेळी दोष कुणाच्या ना कुणाच्या माथी मारून झाला होता. म्हणजे हे आज झालेलं नव्हतं. जिना उतरताना दिवे एकेक करून मालवत जावेत तसं ते कुणीतरी आरामात, घाई न करता, करत आणलं होतं, आणि ती अंधारात चालत होती तरी तिला वाटत होतं की बाहेरच संध्याकाळ झाली आहे.

तिचं नाक ही काही साधी गोष्ट नव्हती. चौतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. चारशे मुलांचं दुपारचं जेवण. कोंबड्यांचे खोके घेऊन गाडी मागच्या दाराशी लागली की ड्रायव्हर ओरडे, “आलं रे नाक!” आणि ती म्हणे, “नाक आलंय, आता तुझं थोबाड काय म्हणतंय ते बघू.” खोक्याचं झाकण उघडून ती फक्त एकदा वाकायची. पाच-सहा खोके दर महिन्याला परत जायचे. एकदा मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की चारशे मुलं आजवर आजारी पडली नाहीत ती या एका बाईच्या नाकामुळे, आणि ते वाक्य डेलरोजने इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते आता एखाद्या वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखं वाटे. नवऱ्यालाही तिने नाकानेच घराबाहेर काढला होता. लेनर्डच्या शर्टाच्या कॉलरला दुसरीच पावडर होती, जाईची, स्वस्तातली. तो शपथा घेत राहिला आणि ती त्याची बॅग भरत राहिली. त्या दिवशी नाक खोटं बोललं असतं तर काय झालं असतं, असा विचार तिच्या मनात आज पहिल्यांदा आला.

डची घासून स्वच्छ करायला दहा मिनिटं गेली. कोंबडी रात्रीपासून मसाल्यात मुरत होती. लिंबाने धुऊन, कांदा, लसूण, आलं, थाइम लावून. मोठी कोंबडी होती, बाजारात होती त्यांतली सगळ्यांत मोठी, कारण मंगळवारी डेलरोज जिंकली होती. केडियन, तिची एकुलती एक मुलगी, चार वर्षांनी कॅनडाहून पंधरा दिवसांसाठी आली होती. तिथे ती म्हाताऱ्या माणसांच्या निवासात काम करत होती. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. जोनेलचे कागद आता तयार झाले होते आणि तिला बरोबर घेऊन जायचं असं केडियन ठरवूनच आली होती. आठवडाभर माय-लेकी त्यावरून भांडल्या. “पोर तिथे तुझ्या कामाच्या पाळ्यांमध्ये एकटी पडेल,” डेलरोज म्हणे. “कुलूप लावलेल्या घरात टीव्हीसमोर वाढेल. इथे शाळा आहे, अंगण आहे, मी आहे.” शेवटी मंगळवारी केडियन थकून म्हणाली होती, “ठीक आहे मम्मी. प्रायमरी संपेपर्यंत राहू दे. चार वर्षं. पण तुझी तब्येत नीट सांभाळ.” डेलरोजने दोन्ही हात हवेत उडवून म्हटलं होतं, “माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?” येत्या बुधवारी केडियनचं विमान होतं. फक्त तीन दिवस. तीन दिवस नाकाने काम केल्याचं सोंग करायचं, एवढंच होतं.

दुसऱ्या खेपेला तिने साखरेवरून नजर काढली नाही. पिवळी, मधासारखी, मग तांब्याच्या तारेसारखी, मग कडांना लालसर काळी. हीच असावी ती वेळ. तिने कोंबडी आत सोडली आणि तेल किंचाळलं, आणि त्या आवाजावरून तिला कळलं की बरोबर झालं आहे. तिला बरं वाटलं. आवाज होता, रंग होता, हात होते. तुकडे उलटेपालटे करत ती त्यांना सगळीकडून गडद करत गेली. मसाल्यातला कांदा आणि आलं वरून टाकलं, गाजराच्या चकत्या, थोडं केचप, दोन पेले पाणी, अख्खी मिरची देठासकट, ती फुटू नये म्हणून अलगद. झाकण ठेवलं. मागच्या शेगडीवर राजमा नारळाच्या दुधात शिजत होता, त्यात तांदूळ वैरला. कोबी बारीक चिरून तिसऱ्या शेगडीवर वाफेला ठेवला. आंधळा माणूस आपल्या घरात वावरतो तशी आपण वावरू शकू, तिला वाटलं. वर्ष, दोन वर्षं. कुणाला कळायचं कारण नाही. वाऱ्याने ज्योत फडफडायला लागली तशा तिने खिडकीच्या काचपट्ट्या खाली ओढून बंद केल्या.

कुंपणापलीकडून मिस्टर विल्मट ओरडले. निवृत्त पोस्टमन, एकटा गडी. “मिस डेलरोज! तुमच्या त्या वासाने मी माझी सार्डिनं मांजराला दिली, आता माझ्या जेवणाचं बघा!” ती दारात आली. “मांजराला विचारा, दोन सार्डिनं तुमच्यासाठी ठेवलीत का ते,” ती म्हणाली, आणि ते खदाखदा हसले. बोलणं अगदी बरोबर झालं होतं. ती आत वळली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. सगळ्या गल्लीत तिच्या भांड्याचा वास पसरला होता. तो कुंपणापलीकडे गेला होता, विल्मटच्या व्हरांड्यात बसला होता, मांजरापर्यंतही पोचला होता, आणि ती एकटी काचेच्या पेटीत उभी होती.

तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरने तेव्हा नाकाबद्दल काही विचारलंच नव्हतं. आई गेल्यानंतर डेलरोजनेच मागच्या तारखा जुळवल्या होत्या आणि मग त्या कुठेतरी खोल ठेवून दिल्या होत्या. सेंट मेरी परगण्याच्या डोंगरात, केळीच्या बागांमागे माहेरचं घर. इसिल्डा, तिची आई, गावातली पहिल्या नंबरची सुगरण. एका रविवारी तिने कोंबडी टेबलावर आणली, झाकण उघडलं आणि सगळे मागे सरकले. कोंबडी दोन दिवसांची मेलेली होती. इसिल्डा हातात वाढायचा डाव घेऊन हसत उभी होती, पहिला तुकडा कुणाला वाढू म्हणून. मामा म्हणाला, “अगं इसिल्डा, हिला मसाला लावलास की हिचं दफन केलंस?” आणि सगळे पोट धरून हसले. आईही हसली, कारण सगळे हसत होते. तिच्या त्या हसण्यात काहीतरी उशिरा आलेलं होतं. डेलरोजला आज तो चेहरा स्पष्ट दिसला: कोणत्या विनोदावर हसायचं ते न कळलेला, तरी सावध चेहरा. त्यानंतर दोन वर्षांत आई डेलरोजला विचारत होती, बाई, तुम्ही कुणाच्या?

कोबी झाला, कोंबडी झाली. रस्सा दाट आणि तुकतुकीत झाला होता, मांस हाडावरून सुटत होतं. दोन्ही शेगड्या बंद करून तिने फक्त भात मंद आचेवर ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड घालायला ती बाहेरच्या खोलीत गेली. ताटं पुसली. केडियनने आणलेले काचेचे पेले पहिल्यांदा बाहेर काढले. लिंबाचं सरबत केलं. त्यात साखर चाखून घातली, चव शाबूत होती, किंवा निदान गोड आणि आंबट हे दोन भाऊ अजून घरात होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक, वीस मिनिटं असतील. ती परत स्वयंपाकघरात आली तेव्हा जोनेल तिथे जमिनीवर बसून आपल्या बाहुलीची वेणी घालत होती.

“ग्रॅनी, इथे घाण वास येतोय.”

डेलरोजने नाक वर केलं आणि मोठ्याने हुंगल्याचा आवाज केला. आवाज छान झाला. “कोबी आहे तो,” ती म्हणाली. “कोबीला वाफ आली की असाच वास येतो.”

“कोबीचा नाहीये. कुजक्या अंड्यासारखा आहे.”

“आता तू मला शिकवणार? चौतीस वर्षं चारशे पोरांना कोबी घालणाऱ्या बाईला? मला सांगतेय कोबी कुठला आणि अंडं कुठलं!”

जोनेलने बाहुली पोटाशी धरली. आजी एवढ्या वरच्या पट्टीत तिच्याशी कधी बोलत नसे. डेलरोज भाताकडे वळली. काहीतरी कमी होतं. भाताचा तो झाकणाखालचा पुटपुटण्याचा आवाज येत नव्हता. झाकण उचललं, वाफ सुस्त, पाणी वरच होतं. नारळाचं दूध उतू जाऊन भांड्याच्या अंगावरून शेगडीत उतरलं होतं आणि तिथे पांढरी साय धरली होती. ती वाकली. ज्योत नव्हती. विझली वाटतं, तिच्या मनात आलं, आणि हाताने नेहमीसारखी फळीवरची काडेपेटी उचलली. काडी काढली. काडीचं डोकं पेटीच्या कडेला टेकलं.

“माझं डोकं दुखतंय,” मागून जोनेल म्हणाली.

काडी टेकलेलीच राहिली. डेलरोजच्या बोटांना कडेचा खरखरीतपणा जाणवत होता, एकेक कण. गॅसचा सिलिंडर पोचवणारा माणूस एकदा म्हणाला होता की हा वायू जड असतो, बाईसाहेब, तो वर उडून जात नाही, खाली जमिनीवर बसतो. जमिनीवर जोनेल बसली होती. डेलरोजने काडी उचलली, इतक्या सावकाश की जणू ती पाण्याने काठोकाठ भरलेली होती, आणि पेटीसकट झग्याच्या खिशात ठेवली. शेगडीचं बटण फिरवलं. मग तिने नातीला काखेत हात घालून उचललं, बाहुली खाली पडली, आणि ती मागच्या दाराने बाहेर पडली, पायऱ्या उतरली, अंगण ओलांडून थेट कुंपणाजवळच्या आकीच्या फळझाडापर्यंत गेली. तिथे ती मुळांवर बसली. जोनेल म्हणाली, “ग्रॅनी, दुखतंय, घट्ट नको धरू.” डेलरोजला आपले हात सैल करता येईनात.

विल्मटचा रेडिओ चालू होता. कुणीतरी हवामान सांगत होतं. झाडावरची लाल बोंडं उघडून काळे डोळे काढून बसली होती. काही झालं नव्हतं. हेच सगळ्यांत भयंकर होतं की काही झालं नव्हतं. घर जिथल्या तिथे होतं, पडदे हलत होते, आणि घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार म्हणून तिच्या खिशात फक्त एक न पेटलेली काडी होती. ती काडी तिने काढली, मोडली आणि मातीत खुपसली.

ती आत जाऊन श्वास रोखून खिडक्यांच्या पट्ट्या उघडून आली, पुढचं-मागचं दार उघडं टाकून आली. मग ती पायरीवर उभी राहिली आणि तिला समजेना की पुढे काय. गॅस गेला की नाही हे तिला कळणार कसं? तासाभराने? दोन तासांनी? घर आतून स्वच्छ दिसत होतं, आधीही तसंच दिसत होतं. तिने वळून झाडाखाली पाहिलं.

“जोनेल,” ती म्हणाली. “इकडे ये राणी. इथे दारात उभी राहा. आत जायचं नाही. आणि मला सांग, मघाचा तो वास येतोय का.”

पोरगी आली. उंबऱ्यावर उभी राहिली, एक डोळा सुजलेला, दुसरा मिटलेला, मान वर करून. तिने गंभीरपणे दोनदा हुंगलं, मोठ्या माणसाने काही महत्त्वाचं सोपवलं की मुलं होतात तशी गंभीर. “येतोय. थोडासा.”

“बरं. थांबू या.” थोड्या वेळाने, “आता?”

“अजून थोडाच.” मग तिने डोळा उघडून आजीकडे पाहिलं. “तुला येत नाही का गं?”

डेलरोजने तिला खांदे धरून पुन्हा घराकडे वळवलं. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या पाठमोऱ्या आकृतीत तिला दुसरी मुलगी दिसत होती, नऊ वर्षांची, शाळेच्या निळ्या गणवेशात, लाकडी स्टुलावर बसलेली. आईला डोंगरावरून या घरात आणल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं. इसिल्डा रस्त्यावर निघून जाई, एकदा बसखाली येता येता वाचली होती. शाळेचं स्वयंपाकघर सुटत नव्हतं, बाई ठेवायला पैसे नव्हते. तेव्हा डेलरोज सकाळी निघताना आईला पलंगाला बांधून जाई. चादर लांब दुमडून कमरेभोवती, गाठ मागच्या बाजूला, हात पोचणार नाही अशी. घट्ट नाही, निदान घट्ट नाही असं ती म्हणे. दुपारी केडियन शाळेतून आली की तिने स्टुलावर बसून आजीला पाणी द्यायचं, माश्या वारायच्या, काही झालं तर शेजारी ओरडून सांगायचं. गाठ मात्र सोडायची नाही. “ती रडली तरी नाही, ती कितीही गोड बोलली तरी नाही,” असं डेलरोजने बजावलं होतं. अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत केडियन काय ऐकत बसली, हे डेलरोजने कधी विचारलं नाही आणि केडियनने कधी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मुलीने म्हाताऱ्यांची सेवा करण्याचंच काम पत्करलं तेव्हा लोक म्हणाले, आईचं वळण. आणि आता चार वर्षं. चार वर्षांनी जोनेल अकरा वर्षांची होणार होती. त्याच्या आधी ती नऊ वर्षांची होणार होती.

“आता नाही येत,” जोनेल म्हणाली. “आता फक्त चिकनचा येतोय. खूप छान येतोय.”

केडियन चर्चहून आली ती टोपीच्या पिना काढत, दारातूनच बोलत. “अगं मम्मी, पाद्रीबाबा अडीच तास बोलले, माझ्या शेजारची बाई घोरायला लागली, आणि कोपऱ्यावर तुझ्या रश्श्याचा वास आला तेव्हा वाटलं, देव असतो बरं का.” तिने आईच्या गालाला गाल लावला. तिच्या अंगाला नक्कीच काहीतरी अत्तर होतं. भात डेलरोजने शेगडी पुन्हा पेटवून पुरा केला होता. काडी ओढताना जोनेलला दारात उभं करून, तीनदा विचारून. तिघी टेबलाशी बसल्या. केडियनने प्रार्थना म्हटली. पहिला घास घेऊन तिने डोळे मिटले. “चार वर्षं मी तिथे हे करायचा प्रयत्न करतेय. नाही जमत. तूच सांग, काय घालतेस तू?” जोनेल आजीकडे बघत होती. तिने काही सांगितलं नव्हतं. सांगू नकोस असं तिला कुणी म्हटलंही नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं, आणि ते डेलरोजला सगळ्यांत जास्त लागलं. हे इतक्या लवकर सुरू होतं तर.

“केडियन,” ती म्हणाली, “मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. गॅस विझला होता आणि मी काडी ओढत होते. पोर खाली बसली होती. तिने दोनदा सांगितलं वास येतोय म्हणून, मी तिलाच दटावलं.”

केडियनने काटा खाली ठेवला. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, चारही बटणं फिरवून पाहिल्याचा आवाज आला, आणि परत येऊन बसली. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. आता ती ओरडेल, असं डेलरोजला वाटलं, आणि तिने त्यासाठी खांदे आवळून धरले. ओरडली असती तर बरं झालं असतं. “कधीपासून?” केडियनने विचारलं. “महिने झाले असतील.” “आणखी काही? विसरणं? रस्ता चुकणं?” “नाही. मला नाही वाटत.” केडियनने मान हलवली. मग ती खुर्ची थोडी पुढे ओढून बसली, आणि तिचा आवाज बदलला. तो मऊ झाला, संथ झाला, थोडा मोठा झाला, आणि प्रत्येक शब्द ती सुटा करून ठेवू लागली, जसा लहान मुलापुढे एकेक घास ठेवतात. हा आवाज डेलरोजने कधी ऐकला नव्हता. हा कॅनडातला आवाज होता.

“मम्मी, घाबरायचं नाही. साधी सर्दीही असेल, दुसरं काहीही असेल. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता मी तुला तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवायचे हं. चमचा. रविवार. पूल. म्हण बघू.”

“चमचा, रविवार, पूल,” डेलरोज म्हणाली.

“छान. आता जेव.”

त्या जेवल्या. केडियन बोलत राहिली, तिच्या निवासातल्या एका म्हाताऱ्याबद्दल, जो रोज सकाळी टाय बांधून बँकेत जायला निघतो, चर्चमधल्या नव्या वाद्यवृंदाबद्दल, जोनेलच्या डोळ्याबद्दल. डेलरोज मान डोलावत होती. रस्सा जिभेला खारट आणि गोड आणि तिखट लागत होता, आणि त्या तीन चवींच्या मागे जिथे एक आख्खं घर असायला हवं होतं तिथे भिंत होती. ती मनात म्हणत राहिली, चमचा, रविवार. पोरीच्या डोळ्याला गरम पाण्याने शेकायला हवं. चमचा, रविवार. केडियनने ताट बाजूला सारलं, ओठ पुसले आणि त्याच आवाजात म्हणाली, “मम्मी, मघाशी मी तुला तीन शब्द सांगितले होते.”

“चमचा,” डेलरोज म्हणाली. “रविवार.”

तिसरा शब्द होता तिथे काही नव्हतं. धडपड नव्हती, जिभेवर आल्यासारखंही नव्हतं. नुसती स्वच्छ, पुसलेली जागा. केडियन वाट बघत होती, चेहऱ्यावर हसू धरून. टेबलाच्या पलीकडे, आईच्या खांद्याआड, जोनेल पुढे झुकली होती. तिचे ओठ मिटले, मग पुढे आले, गोल झाले. पुन्हा एकदा, आणखी सावकाश, आजीला नीट दिसावं म्हणून. सुजलेल्या डोळ्यानेसुद्धा ती आजीकडे रोखून बघत होती. शब्द ओठांवर स्वच्छ दिसत होता. तो उचलायचा आणि बोलायचा, एवढंच करायचं होतं; मग बुधवारी विमान केडियनला एकटीलाच घेऊन जाईल, आणि पोर इथे राहील, आणि उद्यापासून रोज असे ओठ हलवेल.

डेलरोजने नजर काढून घेतली आणि मुलीकडे पाहिलं.

“तिसरा मला आठवत नाही,” ती म्हणाली. “बुधवारी तिलाही घेऊन जा.”